घरगुती दुर्बिणीच्या माउंटसाठी स्टेपर मोटरचं गिअर रिडक्शन कसं ठरवावं

माउंट, म्हणजे दुर्बीण तोलून ताऱ्यामागे फिरवणारा आधार, बनवायला घेतला की बहुतेकांच्या घरात आधी मोटर येते, मग ड्रायव्हर (मोटरला स्टेप देणारं सर्किट), आणि रिडक्शनचा, म्हणजे गिअरने मोटरचा वेग किती पटीने कमी करायचा याचा, हिशोब शेवटी जमेल तसा लावला जातो. हा क्रम उलटा करा. आधी कॅमेरा आणि फोकल लेंथ, त्यावरून लागणारं एकूण रिडक्शन, त्यातून वर्म (दातेरी व्हील फिरवणारा आटेदार दांडा) आणि बेल्टचे दाते, आणि मोटर सगळ्यात शेवटी. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: रिडक्शन नेहमी मोटरच्या पूर्ण स्टेपवर मोजायचं, मायक्रोस्टेपवर (ड्रायव्हरने एका स्टेपचे केलेले बारीक तुकडे) नाही. गिअर कमी पडले तर ड्रायव्हरवर १/२५६ मायक्रोस्टेप लावून भागेल, या समजुतीपायी बरेच माउंट फसतात. ते का, हे पुढे आकड्यांतून दिसेल.

खालची सगळी गणितं आरए अक्षासाठी, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षासाठी आहेत. डेक अक्षाला, म्हणजे त्याला काटकोनात असलेल्या अक्षाला, तेच गिअर वापरा. सुटे भाग एकसारखे राहतात आणि कंट्रोलरचं सेटिंगही सोपं होतं.

आकाशाचा हिशोब

ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची एक फेरी ८६,१६४ सेकंदांत पूर्ण होते, म्हणजे २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत. पूर्ण वर्तुळात १२,९६,००० आर्कसेकंद असतात (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). भागाकार केला की अक्षाचा वेग येतो सेकंदाला १५.०४ आर्कसेकंद. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे सतत लागतील.

आता कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशाचा किती भाग व्यापतो ते काढा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६.२६५ ने गुणा आणि मिलिमीटरमधल्या फोकल लेंथने भागा. १५० मिमी व्यासाचा एफ/५ न्यूटोनियन, फोकल लेंथ ७५० मिमी, आणि ४.३ मायक्रॉन पिक्सेलचा डीएसएलआर असेल तर उत्तर १.१८ आर्कसेकंद. त्याच कॅमेऱ्याला २०० मिमीची लेन्स लावली तर ४.४. या दोन माउंटना लागणारं रिडक्शन एकसारखं असूच शकत नाही. म्हणून दुसऱ्याच्या माउंटचा रेशो जसाच्या तसा उचलू नका.

फोटो काढायचे नसतील, फक्त डोळ्याने पाहायचं असेल, तर बरीच सवलत मिळते. १५० पट मोठेपणाला १ आर्कसेकंदाचा धक्का डोळ्याला अडीच आर्कमिनिटांचा दिसतो, म्हणजे जेमतेम जाणवतो. ३ आर्कसेकंदांचा धक्का मात्र शनीकडे पाहताना स्पष्ट थरथरल्यासारखा दिसतो.

पूर्ण स्टेप आकाशात किती मोठी

सूत्र सोपं आहे: १२,९६,००० भागिले (मोटरच्या एका फेरीतल्या पूर्ण स्टेप × एकूण रिडक्शन). नेहमीची १.८ अंशाची नेमा १७ मोटर फेरीला २०० स्टेप घेते, ०.९ अंशाची ४००.

१४४ दात्यांच्या वर्म व्हीलला २०० स्टेपची मोटर थेट जोडली तर एक पूर्ण स्टेप ४५ आर्कसेकंदांची होते. मध्ये ३:१ चा बेल्ट घातला की एकूण ४३२ आणि स्टेप १५ आर्कसेकंदांची. ५:१ चा बेल्ट घातला की एकूण ७२० आणि स्टेप ९. त्याच ७२० वर ०.९ अंशाची मोटर लावली तर ४.५.

हा आकडा इतका महत्त्वाचा का? मोटरच्या डेटाशीटमध्ये स्टेपची अचूकता बहुधा ±५ टक्के लिहिलेली असते. ही चूक साठत जात नाही, पण प्रत्येक स्टेपला असते. १५ आर्कसेकंदांच्या स्टेपवर ती ±०.७५ आर्कसेकंद होते, ४.५ च्या स्टेपवर ±०.२३. शिवाय चार पूर्ण स्टेपचं एक विद्युतचक्र असतं आणि त्या चक्राच्या आत मायक्रोस्टेप एकसारख्या अंतरावर पडत नाहीत. ४३२ च्या रिडक्शनवर मोटर जवळजवळ सेकंदाला एक पूर्ण स्टेप घेते, म्हणजे हा हेलकावा चार सेकंदांचा असतो. गायडिंगचा, म्हणजे ताऱ्यावर नजर ठेवणारा, कॅमेरा दर दोन-तीन सेकंदांनी एक फोटो घेणार, त्यावरून सुधारणा पाठवणार, तोवर हेलकावा उलटा फिरलेला असतो. गायडिंगने तो कमी होत नाही, कधी कधी वाढतो. इतक्या लहान कालावधीची चूक मुळातच लहान असावी लागते, आणि ती लहान करण्याची जागा गिअरमध्ये आहे.

आता मायक्रोस्टेपचं. १/१६ वर एक मायक्रोस्टेप पुढे सरकताना मोटर तिच्या होल्डिंग टॉर्कच्या (जागी धरून ठेवण्याच्या जोराच्या) सुमारे ९.८ टक्केच वाढीव जोर लावू शकते. १/३२ वर ४.९ टक्के आणि १/२५६ वर जेमतेम ०.६ टक्के. वर्म आणि बेअरिंगचं घर्षण मोटरच्या शाफ्टवर होल्डिंग टॉर्कच्या १० टक्के असेल, तर १/२५६ चे सोळा-सतरा पल्स जाईपर्यंत अक्ष हलतच नाही, आणि मग एकदम सरकतो. कागदावरचं रिझोल्यूशन आकाशात पोचत नाही. १/१६ किंवा १/३२ पर्यंतचे मायक्रोस्टेप हिशोबात धरा. त्यापुढचे फक्त मोटरचा आवाज आणि कंप कमी करण्यासाठी.

आमचा ठोकताळा असा: फोटोसाठी पूर्ण स्टेप पिक्सेलच्या आकाशातल्या मापाच्या चौपटीपेक्षा मोठी नको. वरच्या न्यूटोनियनसाठी १.१८ × ४ म्हणजे ४.७ आर्कसेकंद. ४०० स्टेपच्या मोटरला त्यासाठी निदान ६८६ रिडक्शन लागतं. २०० स्टेपच्या मोटरला १,३७३. २०० मिमी लेन्ससाठी चौपट म्हणजे १७.७ आर्कसेकंद, तिथे साधी मोटर आणि ४३२ पुरतं.

पडताळा म्हणून बाजारातले माउंट पाहा. एचईक्यू५ मध्ये १३५ दात्यांचं व्हील आणि ४७:९ चे गिअर, ईक्यू६ मध्ये १८० दात्यांचं व्हील आणि ४७:१२ चे गिअर. दोन्हींचं एकूण रिडक्शन ७०५. ६४ मायक्रोस्टेप धरून फेरीला ९०,२४,००० स्टेप. आपला हिशोब त्याच घरात येतो.

जास्त रिडक्शनची मर्यादा

रिडक्शन वाढवत गेलं की एका ताऱ्यावरून दुसऱ्याकडे जाण्याचा वेग मरतो. अक्षाचा वेग, अंश प्रति सेकंद = मोटरचे आरपीएम × ६ ÷ एकूण रिडक्शन. मोटर ४०० आरपीएमला विश्वासाने फिरते असं धरलं तर ४३२ वर ५.६ अंश, ७२० वर ३.३, १,३७३ वर १.७५. १४४ च्या वर्मच्या मागे २७:१ चा प्लॅनेटरी गिअरबॉक्स लावला तर फक्त ०.६२ अंश. म्हणजे ९० अंश जायला जवळजवळ अडीच मिनिटं.

सेकंदाला १ अंशाच्या खाली जाऊ नका. नाशिकजवळ इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला ढगांतून तासाभराची फट मिळते तेव्हा हा वेळ फार जाणवतो. डेक अक्षाचा बॅकलॅश (दिशा बदलताना दात्यांतला मोकळा खेळ) भरून काढायलाही मग जास्त वेळ लागतो.

४०० आरपीएम मात्र फुकट मिळत नाही. ०.९ अंशाच्या मोटरची विद्युत वारंवारता त्याच आरपीएमला दुप्पट असते, म्हणून तिचा टॉर्क लवकर घसरतो. १२ व्होल्टवर तिच्याकडून २०० आरपीएमचीच अपेक्षा ठेवा (७२० वर १.७ अंश, तेही चालतं). वेग हवा असेल तर २४ व्होल्ट द्या. शेतात किंवा डोंगरावर १२ व्होल्टची बॅटरी असेल तर बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) लावा.

वर्म आणि व्हील: इथे घाई नको

ट्रॅकिंगची खरी गुणवत्ता वर्ममध्ये आहे. वर्म एक फेरी घेतो तेवढ्या वेळाने तीच चूक पुन्हा येते. १४४ दाते असतील तर दर ५९८ सेकंदांनी, १८० असतील तर ४७९, १३० असतील तर ६६३ सेकंदांनी. जुना ईक्यू३ किंवा ईक्यू५ प्रकारचा हातानं फिरवायचा माउंट मिळाला तर त्याचं व्हील वापरता येतं. ईक्यू३ चं १३० दात्यांचं असतं, ईक्यू५ चं १४४.

नवं करून घ्यायचं असेल तर नाशिककरांची सोय चांगली आहे. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत वाहनांच्या सुट्या भागांची जॉबवर्कं करणारे अनेक जण आहेत, आणि गिअर हॉबिंगचं (दाते कापण्याचं) काम तिथे नवं नाही. पण 'एक वर्म-व्हील करून द्या' एवढंच सांगून चालत नाही. कागदावर ड्रॉइंग न्या. त्यावर लिहा: दाते १४४, मॉड्यूल १, एक स्टार्ट, उजवा आटा, प्रेशर अँगल २० अंश, व्हीलचा पिच व्यास १४४ मिमी, वर्मचा पिच व्यास १६ मिमी, दोन अक्षांतलं अंतर ८० मिमी. व्हील फॉस्फर ब्राँझचं, वर्म ईएन८ स्टीलचा आणि शाफ्टसकट एकाच तुकड्यातून. वर्म वेगळा करून ग्रब स्क्रूने शाफ्टवर बसवला की तो हमखास एका बाजूला ओढला जातो. माउंट लहान असेल तर मॉड्यूल ०.५ घेऊन व्हील ७२ मिमीचं करता येतं, पण खालचा हिशोब वाचून ठरवा.

व्हीलच्या कडेला १ मायक्रॉनची चूक आकाशात किती? त्रिज्या ७२ मिमी असेल तर २.९ आर्कसेकंद. त्रिज्या ३६ मिमी असेल तर ५.७. म्हणजे वर्म फिरताना स्वतःच्या अक्षाच्या दिशेने १० मायक्रॉन पुढे-मागे होत असेल, तर मोठ्या व्हीलवरही तारा २९ आर्कसेकंद हेलकावतो. मोठं व्हील याचसाठी घ्यायचं. जागा आणि वजन परवडत असेल तर मोठ्या व्हीलवर खर्च केलेला पैसा सगळ्यात जास्त फळ देतो.

वर्कशॉपमध्येच डायल इंडिकेटर लावून तपासून घ्या. वर्मचा रनआउट (फिरताना केंद्रापासून होणारी डगमग) १० मायक्रॉनच्या आत हवा. व्हीलचं भोक आणि बाहेरचा व्यास एकाच सेटिंगमध्ये टर्न केलेले असावेत. व्हील ०.०२ मिमी केंद्राबाहेर असलं तर चूक ५७ आर्कसेकंदांपर्यंत जाते, पण ती २४ तासांत पसरलेली असते, तासाला जास्तीत जास्त १५ आर्कसेकंद. ट्रॅकिंगला तिचा त्रास नाही. त्रास होतो मेशला, म्हणजे दाते एकमेकांत बसण्याला: व्हीलच्या एका बाजूला वर्म सैल आणि समोरच्या बाजूला घट्ट. म्हणून दोन्ही तपासा, पण नकार द्यायची वेळ आली तर तो वर्मसाठी राखून ठेवा.

लेथवर टॅप लावून दाते पाडायची स्वस्त पद्धतही आहे. एम६ टॅपचा पिच १ मिमी, म्हणून १४४ दात्यांना पिच व्यास ४५.८४ मिमी. ब्लँकचा व्यास थोडा चुकला तरी १४३ किंवा १४५ दाते पडतात, आणि दिसायला सगळं व्यवस्थित दिसतं. मार्करने एका दात्यावर खूण करून सगळे दाते मोजा, दोनदा मोजा. एवढ्या लहान व्हीलवर १ मायक्रॉन म्हणजे ९ आर्कसेकंद होतात, तेव्हा ही पद्धत कॅमेरा लेन्सच्या ट्रॅकरपुरतीच ठेवा.

दाते गुळगुळीत करायला कार्बोरंडमची पेस्ट लावू नका. तिचे कण मऊ ब्राँझमध्ये रुतून बसतात आणि पुढे कायम स्टीलच्या वर्मला खात राहतात. अगदी सौम्य पॉलिश लावून मोटरने काही तास फिरवा, मग रॉकेलने दात न् दात धुऊन घ्या.

वर्मचे बेअरिंग हा वेगळा विषय. साध्या ६०८ बेअरिंगला अक्षाच्या दिशेने काही दहा मायक्रॉनचा खेळ असू शकतो, आणि ७२ मिमी त्रिज्येवर ५ मायक्रॉनच १४ आर्कसेकंद होतात. दोन बेअरिंग समोरासमोर बसवून बारीक आट्याच्या नटने प्रीलोड (खेळ काढणारा दाब) द्या. नट हाताने घट्ट करा, मग शाफ्ट बोटांनी मोकळा फिरेल पण पुढे-मागे ढकलून हलणार नाही इतका सोडा आणि लॉकनट लावा.

वर्मऐवजी १००:१ ची हार्मोनिक ड्राइव्ह (लवचिक दातेरी कड्यावर चालणारा गिअर) मिळाली तर बॅकलॅश जवळजवळ नाहीसा होतो आणि काउंटरवेटही कमी लागतं. पण तिच्या ट्रॅकिंगची चूक बरीच मोठी असते, तिचे कालावधी ८६२ सेकंद आणि त्याच्या निम्मा ४३१. गायडिंगशिवाय ती वापरायची नाही. पुढे ५:१ चा बेल्ट आणि ०.९ अंशाची मोटर लावली तर पूर्ण स्टेप ६.५ आर्कसेकंद येते. वीज गेल्यावर ती वर्मसारखी स्वतःहून अडून राहत नाही, त्यामुळे वजनदार नळी असमतोल ठेवली तर खाली येऊ शकते.

मोटर आणि वर्मच्या मधला टप्पा

इथे जीटी२ प्रकारचा दातेरी बेल्ट घ्या, आणि रेशो पूर्णांकात ठेवा: ३, ४ किंवा ५. पूर्णांक असला की मोटरची आणि लहान पुलीची चूक वर्मच्या एका फेरीत नेमकी बसते, आणि कंट्रोलरमधली पीईसी, म्हणजे वर्मची चूक शिकून घेऊन उलटी भरणारी सोय, तीही बऱ्याच प्रमाणात भरून काढते.

७२० साठी मोटरवर १६ दात्यांची आणि वर्मवर ८० दात्यांची पुली. इथे बेल्टची लांबी डोळे झाकून घेऊ नका. लहान पुलीवर निदान ६ दाते बेल्टमध्ये गुंतलेले हवेत. १६ आणि ८० च्या जोडीला त्यासाठी दोन केंद्रांत कमीत कमी ५३ मिमी अंतर लागतं. २०० मिमीचा बंद बेल्ट लावला तर अंतर ४७.६ मिमी पडतं, म्हणजे कमी. २२० मिमीचा बेल्ट घ्या, अंतर ५८.५ मिमी येतं आणि ६.२ दाते गुंततात. ३:१ साठी २० आणि ६० ची जोडी आणि २०० मिमीचा बेल्ट असेल तर अंतर ५८.६ मिमी. दोन्ही जोड्यांचं अंतर जवळजवळ एकच आहे, ही कामाची गोष्ट आहे. ब्रॅकेट एकदाच करा, मोटरच्या चार स्क्रूंसाठी ४ मिमी लांबीचे स्लॉट ठेवा आणि नंतर रेशो बदलायचा झाला तर फक्त पुली आणि बेल्ट बदला.

पुलीचा ग्रब स्क्रू आवळताना पुली एका बाजूला सरकते. १६ दात्यांची पुली ०.०५ मिमी केंद्राबाहेर गेली तर ७२० च्या रिडक्शनवर तारा दर १२० सेकंदांनी ±२.८ आर्कसेकंद झुलतो. ८० दात्यांची पुली ०.१ मिमी सरकली तर वर्मच्या कालावधीत ±५.६. शाफ्टवर नेमकी बसणारी पुलीच घ्या. ५ मिमी शाफ्टवर ६.३५ मिमी भोकाची पुली पत्र्याची पट्टी घालून बसवणं हे या सगळ्या मेहनतीवर पाणी आहे. थ्रीडी प्रिंट केलेली मोठी पुली चाचणीपुरती ठीक, कायमसाठी ॲल्युमिनियमची.

बेल्टचा ताण: दोन पुल्यांच्या मध्ये बोटाने हलकं दाबल्यावर एक-दोन मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त ताणला की मोटरचा शाफ्ट आणि वर्मचं बेअरिंग एका बाजूला खेचलं जातं.

प्लॅनेटरी गिअरबॉक्स असलेल्या नेमा १७ मोटर दिसायला सोयीच्या वाटतात. त्यांचे छापील रेशो मात्र गोल केलेले असतात. ५:१ म्हणून विकला जाणारा बहुधा ५ २/११ असतो, १४:१ हा १३ २१२/२८९, आणि २७:१ हा २६ १०३/१२१, म्हणजे २६.८५१. कंट्रोलरमध्ये २७ टाकलं तर अक्ष ०.५५ टक्के जास्त वेगाने फिरतो. मिनिटाला ५ आर्कसेकंद तारा सरकतो आणि ९० अंश दूरच्या ताऱ्याकडे जाताना अर्धा अंश चूक होते. म्हणून अपूर्णांकच टाका. ५ २/११ चा आणखी एक त्रास असा की मोटर आणि वर्म पुन्हा त्याच जागी यायला वर्मच्या ११ फेऱ्या, म्हणजे जवळजवळ ११० मिनिटं लागतात. पीईसी तिथे उपयोगी पडत नाही. १ अंशाचा बॅकलॅश असलेला गिअरबॉक्स १४४ च्या वर्ममागे आकाशात २५ आर्कसेकंद होतो. आरए अक्ष एकाच दिशेने चालतो म्हणून तो निभावतो, डेकवर मात्र गायडिंग हैराण होतं.

५ व्होल्टची छोटी २८बीवायजे-४८ मोटर वापरायची असेल तर तिचा रेशो ६४ नाही, ६३.६८४ आहे. तिने लेन्सपुरता ट्रॅकर होतो. प्लॅस्टिकच्या गिअरचा खेळ आणि मंद वेग पाहता दुर्बिणीला ती नको.

मोटरची ताकद

इथे लोक विनाकारण मोठी मोटर घेतात. समतोल साधताना अर्धा किलो वजन ३० सेंमी अंतरावर जास्त राहिलं तर अक्षावर सुमारे १.५ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. ४३२ रिडक्शन आणि वर्मची कार्यक्षमता ३५ टक्के धरली तर मोटरच्या वाट्याला १ न्यूटन-सेंटिमीटर. साधी नेमा १७ मोटर ४० देते. म्हणजे जोर मुबलक आहे. मोटर अडकते ती वेगात, कारण कॉइलच्या इंडक्टन्समुळे (प्रवाह बदलायला होणाऱ्या विरोधामुळे) विद्युतप्रवाह वेळेत चढत नाही. लांब, जास्त टॉर्कच्या मोटरचा इंडक्टन्स बहुधा जास्त असतो, म्हणून ती बदलून बसवल्यावर वेगात आणखी लवकर अडकते. १.५ ते १.७ अँपिअरची, २ ते ४ मिलिहेन्रीची मोटर निवडा आणि व्होल्टेज वाढवा.

ड्रायव्हर आणि कंट्रोलरचे आकडे

टीएमसी२२०९, टीएमसी२१३० किंवा टीएमसी५१६० घ्या. डीआरव्ही८८२५ टाळा. कमी वेगात, प्रवाह शून्याच्या आसपास असताना तो काही मायक्रोस्टेप गिळतो, आणि ट्रॅकिंगमध्ये नेमका तोच वेग असतो. टीएमसी ड्रायव्हरच्या दोन पद्धतींपैकी ट्रॅकिंगला स्टेल्थचॉप (शांत चालणारी) आणि वेगात स्प्रेडसायकल (जोर टिकवणारी) अशी विभागणी ठेवा.

ऑनस्टेप (माउंट चालवणारं कंट्रोलरचं सॉफ्टवेअर) वापरणार असाल तर त्याला दोन आकडे नेमके हवेत. पहिला, एका अंशात किती स्टेप: ४०० × ३२ × ७२० ÷ ३६० = २५,६००. दुसरा, वर्मच्या एका फेरीत किती स्टेप: ९२,१६,००० ÷ १४४ = ६४,०००. ट्रॅकिंगला सेकंदाला १०७ पल्स, म्हणजे काहीच ओझं नाही. पण ४०० आरपीएमला ३२ मायक्रोस्टेपवर सेकंदाला ८५,००० पल्स लागतात. म्हणून वेगात जाताना मायक्रोस्टेप ८ वर आणायचं सेटिंग चालू करा, मग २१,३३३ पुरतात. कंट्रोलरमधल्या ईएसपी३२ चिपला ते झेपतं.

जुळणी आणि इथलं हवामान

नाशिकचं अक्षांश जवळजवळ नेमकं २० अंश, त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त २० अंशांवर आणि आरए अक्ष जवळजवळ आडवा. ड्रॉइंग युरोप-अमेरिकेतल्या माउंटवरून घेतलं असेल तर तिथला अक्ष ४० ते ५० अंश उभा असतो. इथे तो आडवा केला की ८० दात्यांची पुली आणि मोटर खालच्या बेसला घासते, आणि काउंटरवेटची दांडी ट्रायपॉडच्या पायाला. ब्रॅकेट कापण्याआधी पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा नमुना २० अंशांत ठेवून अक्ष पूर्ण फिरवून पाहा.

बहुतेकांचं काम जून ते सप्टेंबर पावसाळ्यात होतं, काहींचं मे महिन्याच्या सुटीत. मे महिन्यात दुपारी ३५ अंशांत सेट केलेला मेश जानेवारीत १० अंशांत तसाच राहत नाही. ॲल्युमिनियमच्या बॉडीतलं ८० मिमी अंतर ४६ मायक्रॉन आकसतं. ब्राँझचं व्हील आणि स्टीलचा वर्म मिळून ३५ मायक्रॉनच आकसतात. उरलेले ११ मायक्रॉन वर्मला व्हीलमध्ये दाबतात, वरून ग्रीसही घट्ट झालेलं असतं. निफाडच्या बाजूला थंडी याहून खाली जाते. पहाटे मोटर अचानक अडकायला लागली की आधी ड्रायव्हरवर संशय जातो, पण बहुतेक वेळा कारण हे असतं. वर्मचा ब्लॉक बिजागरीवर ठेवून स्प्रिंगने व्हीलवर टेकवा, म्हणजे मेश स्वतः जुळवून घेतो. स्प्रिंग इतकीच जोरदार ठेवा की नळी हाताने हलकी ढकलल्यावर वर्म उचलला जाणार नाही. ग्रीस पातळ लिथियमचं, दात्यांवर फक्त पापुद्रा.

समतोल करताना पूर्वेची बाजू किंचित जड ठेवा. दाते कायम एकाच अंगाला टेकून राहतात आणि वाऱ्याच्या झुळकेने अक्ष दोन्ही बाजूंना डुलत नाही.

तपासणी

पहिली तपासणी घरातच. नळी आणि काउंटरवेट काढून ठेवा, आरए अक्षावर लेझर पॉइंटर बांधा आणि ५ मीटर अंतरावरच्या भिंतीवर ठिपक्याची खूण करा. कंट्रोलरला बरोबर ३६० अंश फिरायला सांगा, एकाच दिशेने. ठिपका खुणेवर परत आला पाहिजे. १४४ ऐवजी १४३ दाते असतील तर तो सुमारे २२ सेंमी चुकतो, २७:१ ची चूक असेल तर १७ सेंमी. दोन-चार मिलिमीटरचा फरक बॅकलॅशचा असतो.

दुसरी आकाशाखाली. हिवाळ्यात मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत उत्तरेकडचा तारा घ्या. तो जवळजवळ वैषुविक वृत्तावर आहे आणि नाशिकहून मध्यमंडलावर येताना ७० अंश उंचीवर असतो, त्यामुळे वातावरणातल्या वक्रीभवनाची चूक नगण्य राहते. गायडिंग बंद ठेवून २० मिनिटं दर दहा सेकंदांनी छोटे फोटो घ्या आणि आरए दिशेतली ताऱ्याची जागा आलेखावर टाका. ५९८ सेकंदांनी पुन्हा येणारी लाट वर्मची. १२० सेकंदांची लाट मोटरच्या पुलीची. एका सेकंदाच्या आसपासची थरथर मोटरच्या स्टेपची. ती या फोटोंत दिसत नाही, तारे मात्र आरए दिशेत लांबट होतात. लाटा वगळून एका वर्म फेरीच्या सुरुवातीची आणि शेवटची जागा जुळत नसेल तर आकड्यात चूक आहे, नाहीतर ध्रुवाकडे रोख चुकला आहे. रोख चुकला असेल तर तारा डेक दिशेतही सरकलेला दिसतो.

वर्मची लाट ३० आर्कसेकंदांपर्यंत असेल तर काळजी नको. ती सेकंदाला ०.१६ आर्कसेकंदच बदलते आणि गायडिंग सहज पकडतं. तेवढीच लाट १२० सेकंदांची असेल तर पुली काढून पुन्हा बसवा: ग्रब स्क्रू सैल करा, पुली शाफ्टवर १८० अंश फिरवा, आवळा आणि आलेख पुन्हा घ्या.

डेकचा बॅकलॅश शेवटी मोजा. तारा गायडिंगच्या वेगाने उत्तरेला दहा सेकंद हलवा, मग दक्षिणेला, आणि दिशा बदलल्यावर किती सेकंद तारा जागचा हलत नाही ते पाहा. गायडिंगचा वेग तारकागतीच्या (वरच्या सेकंदाला १५.०४ आर्कसेकंदांच्या) निम्मा असेल तर प्रत्येक सेकंद म्हणजे साडेसात आर्कसेकंद. दोन सेकंदांपेक्षा जास्त निघालं तर आधी वर्मच्या बेअरिंगचा नट तपासा, मग मेश, आणि बेल्ट सगळ्यात शेवटी.